पाच तास तीस मिनिटांचा फरक



या सदरात सहसा ठेवी, जामीनकी, मृत्युपत्र, भागीदारीचे करारनामे असे विषय येतात. या वेळी मात्र मी घरातल्या एका जुन्या संगणकाविषयी लिहिणार आहे. हा विषय माझ्या शिक्षणाचा नव्हे. मी वाणिज्य शाखेचा, एम. कॉम. होऊन बँकेत लागलो आणि तेथूनच निवृत्त झालो. परंतु गेल्या आश्विनात या संगणकामुळे आम्हा भावांमध्ये चार दिवस एक न बोललेला संशय वावरत राहिला, आणि त्याचे मूळ शोधताना संगणकाच्या ज्ञानापेक्षा तेरीज जुळवण्याची जुनी सवयच अधिक उपयोगी पडली. आपल्यापैकी कितीतरी घरांचे हिशोब आता वहीतून संगणकात आणि संगणकातून मोबाइलवर गेले आहेत. त्या घरांसाठी हे लिहीत आहे.

प्रथम आमची मांडणी सांगितली पाहिजे. मधला भाऊ नायगावच्या मोंढ्यात अडतीचे दुकान चालवतो. धाकटा लातूरला डाळींचा व्यापार करतो. दुकाने वडिलांच्या हयातीतच वेगळी झाली. तथापि हंगामात काही माल दोघे सामाईक घेतात, आणि त्याची वसुली कधी नायगावात होते, कधी लातूरला. पूर्वी धाकटा महिन्याकाठी एकदा येई. जेवणे झाली की ओसरीवर दोन्ही वह्या शेजारीशेजारी ठेवून मेळ घातला जाई, आणि कोणत्याच दुकानात भागी नसलेला मी मध्ये बसत असे. चार वर्षांपूर्वी पुतण्याने हे काम संगणकावर आणले. तो तेव्हा पुण्यात अभियांत्रिकीला होता. दुकानातून बाद झालेला संगणक त्याने माझ्या खोलीच्या कोपऱ्यात बसवला, सामाईक मालाच्या हिशोबाचे एक पान तयार केले, आणि ते फक्त आमच्याच मोबाइलवर उघडेल अशी व्यवस्था केली. मधला भाऊ रात्री घरी आला की दिवसाच्या नोंदी करतो; लातूरला त्या लगोलग दिसतात. संगणक माझ्या ताब्यात, आणि त्याचा खर्च आम्हा तिघांत सारखा.

सर्व्हर हा शब्द ऐकून दबून जाण्याचे कारण नाही. जो संगणक अहोरात्र चालू राहतो आणि मागणाऱ्याला मागितलेले पान देतो, तो सर्व्हर. त्यात एक प्रोग्रॅम दारावर बसलेला असतो. आमच्याकडे तो १९९५ पासून प्रचारात असलेला अपाची हा होता. आत नोंदी सांभाळणारे दुसरे खातेपुस्तक असते, आमचे मायएसक्यूएल. आणि या दोघांनाही जागा, वेळ, जोडणी हे सगळे पुरवणारी जी मूळ व्यवस्था, ती ऑपरेटिंग सिस्टिम. आमची विंडोज १० होती. बँकेच्या भाषेत सांगायचे तर काउंटरवरचा लिपिक, आतला खतावणी लिहिणारा आणि शाखेची इमारत. छत गळेपर्यंत इमारतीकडे कोणी पाहत नाही.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी सोयाबीनची आवक भरात होती. सामाईक मालाचे तीन लाख अठरा हजार रुपये त्या दिवशी नायगावात जमा झाले. त्यातले निम्मे धाकट्याचे. मधल्या भावाने रात्री साडेआठच्या सुमारास रीतीप्रमाणे नोंद केली. पैसे देणारा व्यापारी लातूरचाच. त्याने गुरुवारी बोलता बोलता धाकट्याला सांगितले की रक्कम मंगळवारीच पोहोचवली. धाकट्याने पान उघडले. सोमवारच्या नोंदी होत्या, बुधवारच्या होत्या. मंगळवार नव्हताच.

त्याने विचारले नाही. परक्याला माणूस लगेच विचारतो. एकत्र वाढलेल्या भावाला विचारणे जड जाते. शनिवारी धाकट्या भावजयीचा आमच्याकडे फोन आला. इकडचे तिकडचे झाल्यावर ती आमच्या सौभाग्यवतींना म्हणाली, ‘‘ताई, हिशोबाचं पान हल्ली सगळ्यांना सारखंच दिसतं ना हो?’’

ते वाक्य मला जसेच्या तसे सांगण्यात आले आणि माझे जेवणातून लक्ष उडाले. मी लातूरला फोन केला. ‘‘काही विशेष नाही, दादा. यंत्राचं काहीतरी असेल,’’ धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढलेला असता तर मला बरे वाटले असते. ज्या संगणकावर त्याचा विश्वास टेकला होता तो माझ्या खोलीत होता, आणि मधला भाऊ त्याच घरात राहतो. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटले असते. इकडे मधल्या भावाला कळले तेव्हा तो कच्ची वही घेऊनच आला आणि मंगळवारच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, ‘‘मी लपवीन का?’’ म्हणजे आता दुखावलेले दोघे झाले.

रविवारी सकाळी गावातील एका संगणक दुरुस्तीवाल्यास बोलावले. त्याने दोन मिनिटे माऊस फिरवला आणि निदान केले, ‘‘फॉर्मॅट मारावा लागेल.’’ वाचकहो, हे निदान आपणांपैकी अनेकांनी ऐकले असेल. सगळे पुसून नव्याने घालणे हा त्याच्यासाठी सोपा मार्ग आहे, आणि पुष्कळदा त्याने संगणक चालूही होतो. पण येथे संगणक बंद पडलेलाच नव्हता. पान उघडत होते, नोंदी होत होत्या. हरवला होता तो एक दिवस. सर्व पुसले असते तर तो दिवस कोठे गेला हे कधीच कळले नसते, आणि दोन भावांच्या मनात जे होते ते तसेच राहिले असते. मी त्याला चहा देऊन निरोप दिला.

बँकेत तेरीज जुळली नाही की आम्ही काही गोष्टी कधीच करीत नसू. फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकून घरी जात नसू, आणि एकाच वेळी चार जागी खाडाखोड करीत नसू. आधी फरकाचा आकडा कागदावर लिहून त्याच्याकडे पाहायचे. तो नऊने भागला जात असेल तर कोणीतरी अंकांची उलटापालट केली आहे, चोपन्नचे पंचेचाळीस झाले आहेत. फरकाच्या बरोबर निम्म्या रकमेची नोंद सापडली तर जमेची रक्कम नावे पडली आहे. फरकाचा आकडा स्वतःच बरेच काही सांगतो.

म्हणून प्रथम संपूर्ण खातेपुस्तकाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. मग कच्च्या वहीतील सामाईक मालाची बेरीज केली आणि पानाच्या तळाशी दिसणाऱ्या शिलकेशी ताडून पाहिली. फरक शून्य. पै न् पै जुळत होती! मंगळवारची रक्कम यादीत दिसत नव्हती, पण शिलकेत होती. म्हणजे नोंद झाली होती, पुसलीही गेली नव्हती. ती फक्त भलत्या पानावर होती. पुतण्याने पानावर शेवटच्या तीस दिवसांच्याच नोंदी दाखवल्या होत्या, शिलक मात्र आरंभापासूनच्या सर्व नोंदींची. मी ३,१८,००० हा आकडा घालून शोध घेतला. ओळ सापडली. तिच्यावरची तारीख होती १ जानेवारी २००९.

त्या तारखेस आम्हा भावांचे सामाईक खातेही नव्हते, आणि पुतण्या तर शाळेच्या प्राथमिक वर्गात होता.

संगणकाच्या आत रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी बॅटरी असते. सीआर २०३२ असे तिच्यावर लिहिलेले असते. वीज नसताना आतले घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती संपली की वीज जाऊन आल्यावर घड्याळ कारखान्यात भरलेल्या मूळ तारखेवर जाते. आमच्या यंत्राची ती तारीख २००९ सालची. पण वीज आमच्याकडे रोजच जाते, मग हे आजवर का झाले नाही? कारण संगणक इन्व्हर्टरच्या प्लगवर होता. त्याला वीज गेल्याचे कळतच नसे. त्या मंगळवारी दुपारी दिवाळीच्या साफसफाईत कोपरा हलवला गेला आणि संगणकाची वायर शेजारच्या साध्या प्लगमध्ये लागली. संध्याकाळी विजांसह पाऊस आला, दीड तास वीज गेली, आणि त्याच वादळात इंटरनेटची तारही तुटली, ती दुसऱ्या दिवशी सकाळी जोडली गेली. रात्री आठला संगणक जागा झाला तो २००९ सालात. मधल्या भावाने घरच्या वायफायवरून नोंद केली. पानाने संगणकाला तारीख विचारली. संगणकाने आपल्या मते खरी तारीख सांगितली.

आता एक कोडे उरले. बुधवारच्या नोंदी बरोबर तारखेस कशा? हे मात्र मला सूनबाईंनी उलगडून दिले. ‘‘बाबा, बुधवारी सकाळी पडद्यावरचं घड्याळ चुकलेलं दिसलं, म्हणून मी नीट केलं.’’ भिंतीवरचे घड्याळ मागे पडले तर घरातली व्यक्ती ते पुढे करते, तसेच तिने केले; त्यात तिची चूक काहीच नाही. परंतु त्यामुळे दोषाचा मागमूस पडद्यावरून नाहीसा झाला. तो उरला होता संगणकाच्या स्वतःच्या रोजनिशीत. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक वही असते; तीत प्रणालीची वेळ बदलली, आधी इतकी होती, आता इतकी आहे, अशी ओळ असते. ती ओळ बुधवारी सकाळची होती आणि एका झटक्यात सोळा वर्षे ओलांडत होती. यंत्र बिघडल्यासारखे वाटले की आधी ही वही उघडावी. दुरुस्तीवाल्याने ती उघडली नव्हती.

प्लगवरून आठवले. वर्ल्ड वाइड वेबचा पहिला सर्व्हर हाही टेबलावरचा एक संगणकच होता; स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस तो चालू केला. त्यावर त्यांनी हाताने एक चिठ्ठी लिहून चिकटवली होती, की हा सर्व्हर आहे, याची वीज बंद करू नका. ती अजून जपून ठेवलेली आहे. तशीच एक चिठ्ठी आता आमच्या प्लगवर आहे, मराठीत, सूनबाईंच्या अक्षरात.

चुकीची तारीख दुरुस्त कशी करायची हा पुढचा प्रश्न. पुतण्या फोनवर म्हणाला, ‘‘काका, एका मिनिटात बदलून देतो.’’ मी नको म्हटले. वहीत रबर चालत नाही. मी त्या ओळीची उलट नोंद केली, तिच्याखाली खऱ्या तारखेची नवी नोंद केली, आणि शेऱ्यात दोन ओळींत कारण लिहिले. मग लातूरला फोन करून म्हटले, पान उघड आणि वाच. धाकटा काही वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, ‘‘दादा, त्या बॅटरीचं आधी कोणी सांगितलंच नव्हतं.’’ एवढेच. पण त्या रात्री त्याने मधल्या भावाला स्वतःहून फोन केला, हे मला दुसऱ्या दिवशी समजले.

येथवर दोष सापडला. इमारतीचा प्रश्न तसाच होता. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने सर्वसाधारण सुरक्षा दुरुस्त्या देणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. आमचे यंत्र इतके जुने की विंडोज ११ त्यावर नियमाने बसत नाही. दिवाळीला पुतण्या आला तो लिनक्स घेऊनच. लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिहावयास घेतला आणि आज जगातील बहुतांश वेब सर्व्हर त्यावर चालतात, हे त्याचे म्हणणे. मी म्हटले, आधी शेजारी बसवून पाहू. त्याने नवी बॅटरी घातली, एकाच डिस्कवर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवले, आणि संगणक सुरू करताना दोहोंपैकी एक निवडण्याची सोय केली.

पहिल्याच रात्री मधला भाऊ हाक मारू लागला. साडेआठला केलेल्या नोंदीवर पहाटे दोनची वेळ होती, आणि तारीख उद्याची! बॅटरी नवी, प्लग योग्य, तरी पुन्हा तारीख चुकली. पुतण्या पुन्हा आत शिरून काहीबाही बदलू लागला. मी त्याला थांबवून फरक कागदावर लिहायला लावला. साडेआठ आणि दोन. पाच तास तीस मिनिटे. ना मिनिट कमी, ना अधिक. इतका बांधेसूद फरक यंत्र बिघडून पडत नाही. आपली वेळ ग्रीनिचच्या वेळेपेक्षा बरोबर तेवढीच पुढे आहे.

कारण असे. विंडोज आतल्या घड्याळात स्थानिक वेळ लिहून ठेवते. लिनक्सची रीत जागतिक प्रमाणवेळ लिहिण्याची. दाखवताना ते त्यात आपले साडेपाच तास मिळवते. विंडोजने लिहिलेले साडेआठ लिनक्सने प्रमाणवेळ म्हणून वाचले आणि पाच तास तीस मिनिटे आणखी मिळवली. दोघेही आपापल्या जागी बरोबर; वही मात्र एकच. इंटरनेटवरून वेळ जुळवली गेली की हा फरक नाहीसा होतो, पण तोवर झालेली नोंद उद्याच्या पानावर जाऊन बसते. हे टाळण्यासाठी लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगता येते. परंतु मला ती तडजोड पसंत पडली नाही. एका दुकानात दोन मुनीम, दोघांच्या लिहिण्याच्या रीती वेगळ्या, अशी व्यवस्था ठेवू नये. जाता जाता सांगतो, अशी दोन घड्याळे आपल्या देशानेही पाहिली आहेत. भारतीय प्रमाणवेळ १९०६ च्या आरंभी लागू झाली, पण मुंबईत तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत चालू राहिली. त्या काळी मुंबईशी व्यवहार करणाऱ्या पेढ्यांना तारेवरची वेळ वाचताना काय काय पडताळावे लागले असेल, कोण जाणे.

तेव्हा एकच सिस्टिम ठेवायची ठरली. कोणती, यावर पाडव्याच्या आदल्या रात्री चांगलाच वाद झाला. पुतण्याचा कल उबुंटूकडे होता. ती २००४ पासूनची, मागे एक कंपनी आहे, दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणारी तिची दीर्घ मुदतीची आवृत्ती पाच वर्षे दुरुस्त्या मिळवते. त्यात वावगे काही नाही. माझ्या मनात मात्र सेंटओएसची हकीकत होती, तीही त्यानेच पूर्वी मला सांगितलेली. फार मोठ्या संख्येने सर्व्हर त्या लिनक्सवर होते. तिच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील असे लोक धरून चालले होते. आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की ती २०२१ च्या अखेरीस बंद होईल. मुदत ठेवीची पावती हातात असावी आणि बँकेने सात वर्षांहून अधिक काळ आधीच खाते बंद करावे, तसे. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार करता येत नाही हे खरे. म्हणूनच ती घेण्यापूर्वी देणारा कोण हे पाहावे.

आपल्याकडचाही एक पर्याय होता आणि तो मी आग्रहाने पुढे मांडला. पुण्यात मुख्यालय असलेली सी-डॅक ही केंद्र शासनाची संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली. १९९१ चा परम ८००० हा महासंगणक तिचाच. याच संस्थेने बॉस, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स, ही लिनक्सची आवृत्ती तयार केली. तीत मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे, आणि सर्व्हरसाठी वेगळी आवृत्तीही आहे. पुतण्याने ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘काका, बॉसचा पाया कोणता, माहीत आहे?’’ पाया डेबियन. आणि उबुंटूचाही पाया डेबियनच! मग मुळाशीच का जाऊ नये, हा त्याचा प्रश्न मला पटला. ज्याच्या टेबलावर संगणक आहे आणि ज्याला मराठीतून काम करायचे आहे, त्याने बॉस अवश्य पाहावी. आमच्या संगणकाला तर पडदाही लागत नाही. त्याने कोपऱ्यात बसून गुपचूप पाने द्यायची आहेत.

डेबियनची सुरुवात १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयान मर्डॉक यांनी केली. तिचा मालक कोणी नाही. जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. ऑगस्ट २०२५ मध्ये तेरावी आली. प्रत्येकीला तीन वर्षे पूर्ण आणि नंतर दोन वर्षे मर्यादित दुरुस्त्या मिळतात. तिच्यावर सुस्तपणाचा आक्षेप घेतला जातो, की नवे कार्यक्रम तिच्यात उशिरा येतात. हिशोबाच्या यंत्राबाबत मला तो दोष वाटत नाही. मी तरुण असताना, डॉ. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर, शाखांमध्ये खतावणीची यंत्रे येऊ लागली, तेव्हाही यंत्र किती नवे आहे हे कोणी विचारत नसे. रात्री नऊ वाजता ते अडले तर येणारा माणूस किती लांब आहे, हे विचारत. आमच्या घरी तो माणूस पुतण्या, आणि त्याच्या नोकरीत रोज डेबियनच असते. खरे सांगायचे तर वादाचा निकाल येथेच लागला.

आणखी एक गुण मला नंतर कळला. डेबियनमधील वेळ जुळवणारी सेवा शेवटची खात्रीची वेळ डिस्कवर टिपून ठेवते, आणि सुरू होताना आतले घड्याळ त्याहून मागे दिसले तर टिपलेली वेळ धरते. म्हणजे बॅटरी संपली तरी संगणक फार तर वीज नसलेल्या काळाएवढा मागे राहील. २००९ सालात जाणार नाही. ज्यांच्या घरी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक सर्व्हर म्हणून आहे त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण त्याच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या यंत्रांत स्वतःचे घड्याळच नाही.

पान मुळीच उघडत नसेल तर काय पाहावे, असे काही वाचक विचारतील. क्रम आतून बाहेर असावा. प्रथम त्या संगणकावरच पान उघडते का? मग घरच्या वायफायवरील दुसऱ्या मोबाइलवर? मग वायफाय बंद करून, मोबाइलच्या स्वतःच्या इंटरनेटवर? ज्या पायरीवर अडले, दोष तिच्या आणि आधीच्या पायरीच्या मध्ये. पहिलीवर अडले तर बहुधा डिस्क भरली आहे किंवा खातेपुस्तकच सुरू झालेले नाही. दुसरीवर अडले तर वीज जाऊन आल्यावर राउटरने संगणकाला नवा पत्ता दिला असण्याचा संभव मोठा; राउटरमध्ये त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवता येतो. तिसरीवर अडले तर राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होत असेल तर आपण सामाईक पत्त्यावर आहोत. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सुमारे ४३० कोटीच. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला, म्हणून इंटरनेट पुरवणारे अनेक घरांना मिळून एक पत्ता देतात. अशा वेळी राउटरमध्ये कितीही दारे उघडली तरी बाहेरचा माणूस आत येत नाही, जसे इमारतीचे नाव आहे पण घर क्रमांक नाही अशा पत्राचे होते. आमचेही तसेच आहे. त्यावर पुतण्याने वायरगार्ड या पद्धतीने आमच्या मोबाइलांपुरता खासगी बोगदा केला आहे. आम्ही वेगळा पत्ता विकत घेऊ शकलो असतो, पण घरची वही चौकात मांडून तिला कुलूप लावण्यापेक्षा ती माजघरातच ठेवलेली बरी.

सर्वांत महत्त्वाचा बदल मात्र ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नव्हे, पुतण्याच्या पानात केला, आणि तो माझ्या सांगण्यावरून. आता प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक पडतो आणि यादी तारखेने नव्हे, अनुक्रमांकाने लागते. आधीच्या नोंदीहून जुनी तारीख आली तर पान नोंद घेतच नाही, कारण विचारते. बांधलेल्या वहीत हे आपोआप होत असे. सोमवारनंतरच्या ओळीवर मंगळवारच येई, लिहिणाऱ्याचे घड्याळ काहीही सांगो. संगणकावर आणताना हा गुण आम्ही वाटेत सांडला होता. शिवाय रोज रात्री एक प्रत दुसऱ्या डिस्कवर जाते, आणि महिन्याला एक प्रत धाकटा लातूरला नेतो.

पाडव्याला धाकटा सहकुटुंब आला. दोन्ही वह्या ओसरीवर आल्या, जुन्या रीतीने, आणि त्यांच्याशेजारी मोबाइल. २००९ ची ती ओळ, तिची उलट नोंद आणि खालचा शेरा त्याने मुलांना दाखवला. मग स्वतःच विचारले, ‘‘दादा, बॅटरीला किती पडले?’’ चाळीस रुपये. त्याने तिथल्या तिथे खर्चाची नोंद केली, तिघांत सारखी, प्रत्येकी तेरा रुपये तेहेतीस पैसे. एक पैसा उरला. तो माझ्या नावे टाकला आहे.